उरलेल्या पट्ट्या

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी झोपलेल्या माणसाच्या छातीकडे जाते. घरात कोणी दुपारी नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपलं, तर मी हळूच खोलीत जाऊन श्वास नीट चालू आहे ना, ते बघून येतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी गस्त सुटली नाही. घोरणारा माणूस मरत असू शकतो, हे मला नोकरीच्या अगदी शेवटी कळलं, आणि कळल्यापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

तेव्हा माझी नेमणूक महाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. शेजारच्या पोलादपूरचे अधिकारी रजेवर होते, म्हणून तिकडचा कार्यभारही माझ्याकडेच होता. भातकापणी उरकली होती आणि वाड्यावाड्यांतून झोडणी चालू होती. हे दिवस ठाण्याला तसे सैल असतात. गणपतीचा बंदोबस्त संपलेला, निवडणूक नाही. बांधावरून झालेल्या भांडणांचे अर्ज, महामार्गावरचे अपघात, कारखान्यांच्या आवारातली भंगारचोरी, एवढंच काम.

अशाच एका दुपारी बिरवाडीतून फोन आला. भाड्याच्या खोलीत राहणारा एक कामगार उठत नाही म्हणून. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. पंचविशीतला, अंगापिंडानं मजबूत मुलगा. एका रसायनांच्या कारखान्यात पिंपं चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. रात्रपाळी करून आला आणि झोपला. त्याच्याबरोबर राहणारा मुलगा दिवसपाळीच्या दुपारच्या सुट्टीत परतला तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून तसाच पडलेला.

"सकाळी मी जाताना घोरत होता साहेब," तो मुलगा सांगत होता. "जाम घोरत होता. मी म्हटलं, थकलाय. दार हळूच ओढून घेतलं."

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि पंचनामा सुरू केला. अंगावर जखम नाही, दारूचा वास नाही, खोलीत औषधाची बाटली नाही. नाकातोंडाशी थोडा फेस होता. पाठीवर डाव्या बाजूला एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. पंचांपैकी एकजण म्हणाला, "पाठ धरली असंल." त्यात नवल नव्हतं. दुखण्यावरच्या पट्ट्या आता कुठल्याही दुकानात मिळतात आणि पिंपं उचलणाऱ्या निम्म्या पोरांच्या पाठीवर त्या असतातच. आम्ही ती पंचनाम्यात लिहिली आणि पुढे गेलो. शवविच्छेदनात फुप्फुसं पाण्यानं भरलेली निघाली. मृत्यूचं कारण राखून ठेवलं गेलं आणि व्हिसेरा प्रयोगशाळेकडे रवाना झाला. तिकडून उत्तर यायला किती दिवस लागतात, ते या खात्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कारखान्याच्या फाटकावर मात्र तोवर गर्दी जमली होती. वायू गळाला, कंपनी दाबते आहे, अशी बोलणी सुरू झाली. मला गर्दीची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. वायू खरोखरच गळाला असेल, तर त्या पाळीतली बाकीची माणसंही कुठल्यातरी खोलीत अशीच झोपली असतील. आम्ही त्या पाळीतल्या एकेकाला शोधून काढलं. सगळे ठणठणीत होते. म्हणजे वायू नव्हता. मग काय होतं?

संध्याकाळी मुलाची आई आली. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. नवरा कधीच गेलेला, हा एकुलता एक. तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ होता. हा गृहस्थ उभा जन्म मुंबईत गोदीत काम करून म्हातारपणी गावी परतलेला. सगळी वाडी त्याला मामाच म्हणायची. बहिणीला धरून बसवणं, गाडी ठरवणं, प्रेत ताब्यात घेतल्याची सही करणं, सगळं त्यानंच केलं. "माझ्या खांद्यावर वाढला हो साहेब," एवढंच म्हणाला.

दोनेक दिवस गेले असतील. ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगितलं नाही. "वाडीवर सुनेनं सासूला औषध पाजलंन. म्हातारीला महाडला दवाखान्यात नेलीय. तुमी बघा जरा." आमच्या भागात नुसतं औषध म्हटलं की फवारणीचं विष समजायचं. मी वाडीचं नाव विचारलं आणि खुर्चीत सरळ बसलो. बिरवाडीत मेलेल्या मुलाचीच ती वाडी होती.

दवाखान्यात जाईपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. एकाच वाडीतली दोन माणसं. विहिरीत काही पडलं का? दिवसकार्याच्या घरात शिजलेल्या अन्नात काही गेलं का? वाडीवर पोरंबाळं किती असतील?

म्हातारी खाटेवर निपचित पडली होती. डॉक्टर तरुण होत्या, नुकत्याच रुजू झालेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्यात. श्वास इतका हळू की मधूनच वाटतं, थांबला. फवारणीच्या विषानं बाहुल्या अशाच होतात, म्हणून आम्ही तोच उपचार सुरू केलाय. पण तोंडाला वास नाही, लाळ नाही, घाम नाही. मला पटत नाहीये. अफूसारखं काही पोटात गेलंय का, तेवढं घरच्यांना विचाराल का?"

सून बाहेर बाकावर बसली होती. तिशीही न गाठलेली. नवरा मुंबईत एका कँटीनमध्ये कामाला. वाडीवरून आलेल्या दोघीतिघी तिच्यापासून अंतर राखून उभ्या होत्या आणि एकमेकींच्या कानाला लागत होत्या. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. माझ्याबरोबर आलेल्या महिला हवालदारांनी ती उघडायला सांगितली. आत एक चादर, फणी आणि रुमालात नीट गुंडाळलेला सासूचा चष्मा. विष देऊन माणसाला दवाखान्यात आणणारे मी पाहिलेले आहेत. ते रडतात, छाती पिटतात, पण मरणाऱ्यासाठी चष्मा आणत नाहीत. हा पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण चौकशी कुठून सुरू करायची, ते अशा गोष्टींवरूनच ठरतं.

या हवालदार मूळच्या पोलादपूरकडच्याच. त्यांना मी सांगितलं की हिला परिचारिकांच्या खोलीत न्या, चहा द्या, दार लोटून घ्या. मी दाराशी उभा राहिलो.

"कालचं सगळं सकाळपासून सांग गो," हवालदार म्हणाल्या. "घाई नाय. कोण ओरडणार नाय तुला."

"काल झोडणी होती. आईपन खळ्यावर होत्या. नको म्हटलं तरी आयकत नायत."

"जेवलात काय?"

"भाकरी आन् सुकट. मीपन तेच खाल्लं, पोरांनीपन तेच."

"फवारणीचं औषध हाय घरात?"

"हाय. माळ्यावर. बाटलीचं बूच पन नाय उघडलेलं. माणूस पाठवा, बघून घ्या." ती एकदम रडायला लागली. "बाहेर त्या काय बोलतायत ते मला कळतंय. मी कायपन नाय पाजलं."

"मग झोपताना काय दिलंस?"

"कायपन नाय. कंबर धरली होती त्यांची, गुडघापन. मामांनी पट्ट्या दिल्या होत्या त्या लावल्या. एक कमरेला, एक गुडघ्याला. वर कढत पाण्याची पिशवी ठेवली, शेक बरा म्हणून. आई म्हणाल्या, आज किती दिसांनी बरं वाटतंय, झोप येतेय. मला पन बरं वाटलं. सकाळी घोरत होत्या. मी पोरांना दटावलं, आजीला झोपू द्या म्हणून."

घोरत होत्या. हा शब्द मी त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो.

"पट्ट्या काढल्यास?" हवालदारांनी विचारलं.

"नाय. मामा म्हणाले, तीन दिवस ठेवायच्या."

हवालदार उठल्या त्या सरळ खाटेकडे गेल्या. मागोमाग डॉक्टर. पडदा ओढला गेला. लुगड्याच्या आत, कमरेवर, एक पारदर्शक पट्टी. गुडघ्यावर दुसरी. एवढा वेळ उपचार चालू होते आणि एवढा वेळ ते औषधही कातडीतून आत जातच होतं. डॉक्टरांनी हातमोजे घालून दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या, एक उजेडात धरली. तिच्यावर फिकट, बारीक अक्षरं होती. ती वाचताना त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

"फेंटानिल," त्या म्हणाल्या. "साहेब, हे कर्करोगाच्या रुग्णांसाठी असतं. ज्यांचं शरीर आधीच अशा औषधांना सरावलंय, त्यांच्यासाठी. साध्या माणसाला एक पट्टीसुद्धा जड जाऊ शकते. इथे दोन आहेत आणि वर शेक दिलाय. उष्णतेनं ते आणखी भराभर आत जातं. माणूस वेदना विसरतो, झोपतो, आणि मग मेंदू श्वास घ्यायचंच विसरतो."

त्यावर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. त्या दिवशी ते तिथे शिल्लक नव्हतं. डॉक्टरांनी शहरातल्या एका भूलतज्ज्ञांना फोन लावला आणि आमचा शिपाई मोटरसायकल घेऊन सुटला. तो परत येईपर्यंत डॉक्टर स्वतः हवेची पिशवी दाबून म्हातारीला श्वास देत होत्या. सून पडद्याच्या कडेला उभी होती. तिला कोणी बाहेर जा म्हटलं नाही.

इंजेक्शन गेलं आणि थोड्याच वेळात म्हातारीची छाती वर आली. मग पुन्हा. तिनं डोळे उघडले, सगळ्यांकडे रागानं पाहिलं आणि चष्मा मागितला. सुनेनं रुमालातून चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र गेला नव्हता. औषधाचा साठा कातडीखाली राहतो, उताऱ्याचा जोर ओसरला की माणूस परत बुडू शकतो, असं त्यांनी सांगितलं आणि त्या खाटेजवळून हलल्या नाहीत.

बिरवाडीच्या मुलाच्या पाठीवरची, शवविच्छेदनाच्या वेळी काढलेली पट्टी मुद्देमालात होती, पारदर्शक पिशवीत, सीलबंद. सील न तोडताही अक्षरं वाचता येत होती. तीच होती.

आता मला कारण कळलं होतं. मामांनी पट्ट्या दिल्या. आणखी कोणाकोणाला? झोडणीच्या दिवसांत त्या डोंगरात कंबर न दुखणारा माणूस सापडणं अवघड.

वाडीकडे जाताना गाडीत मी आणि हवालदारांनी एक गोष्ट ठरवली. भाचा कशानं गेला हे त्यांना आधी सांगायचं नाही. एकदा का त्यांना ते कळलं, की त्यांच्या तोंडून एक नाव नीट निघणार नाही. आणि आम्हाला नावं हवी होती, सगळी, ताबडतोब. माणसाला असं अंधारात ठेवून त्याच्याकडून माहिती काढणं आमच्या धंद्यात रोजचं आहे. पण समोरचा गुन्हेगार नसताना ते करणं किती जड जातं, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

मामा बहिणीच्या घराच्या ओटीवर बसले होते. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा सदरा. आम्हाला पाहून उठले, पाणी आणायला सांगितलं. मी पट्ट्यांचं विचारलं तर त्यांना उलट बरं वाटलं. शेजारच्याच आपल्या घरातून खोका घेऊन आले.

"हे बघा. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या हायत, बाजारात नाय मिळत. बायकोला शेवटी शेवटी ह्यांच्यावरच झोप लागायची. उरल्या तेव्हा पोरगा म्हणाला, बाबा टाकून द्या. अशी वस्तू टाकायची कशी? इथं जो तो कंबर धरून बसलेला."

"दवाखान्यात परत द्यायला सांगितलं नव्हतं कोणी?"

"सांगितलं होतं की. नर्सबाईंनी पोराला बजावलं होतं." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "पन साहेब, जिथं ती गेली, त्या दारात परत कोन जाणार?"

मी खोका हवालदारांकडे दिला. "मामा, कोणाकोणाला दिल्यात? आठवून सांगा. एकही राहू देऊ नका."

ते बोटं मोजायला लागले. म्हातारीचं घर. वरच्या आळीत एक घर. विहिरीजवळचं एक. हवालदार प्रत्येक नावाला एकेका माणसाला पळवत होत्या. एका घरात पट्टी कोनाड्यात तशीच होती, पाकीट न फोडलेलं. दुसऱ्या घरातल्या बाईनं ती आदल्याच दिवशी काढली होती, कारण लावल्यावर मळमळायला लागलं. त्या मळमळीनंच तिला वाचवलं, असं डॉक्टर पुढे म्हणाल्या.

"आन् जीपवाला," मामा म्हणाले. "बायकोच्या अस्थी घेऊन आलो तेव्हा त्यानं गाडी आणली होती वरपर्यंत. भाडं घेतलं नाय. त्याची कंबर गाडी चालवून गेलीय. परवा त्याला दिली."

"कुठे असतो तो आता?"

"आता? आंबेनळीत असंल. पोलादपूरवरून माणसं भरून महाबळेश्वरला जातो रोज."

हवालदारांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. घाटाचा रस्ता, भरलेली जीप आणि चालकाच्या अंगावर ती पट्टी. मी जीपचा रंग, नंबर, मालकाचं नाव, सगळं विचारून घेतलं. फोन लावला तर आवाक्याबाहेर. वायरलेसवरून पोलादपूरला संदेश दिला की घाटात दोन्ही बाजूंनी जीप अडवा, चालकाला उतरवा, झोपू देऊ नका.

मी बोलून मागे वळलो तेव्हा मामा माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांचं बोट अजून तसंच उभं होतं.

"आन् भाच्याला," ते हळू म्हणाले. "रविवारी झोडणीला आला होता. पाठ धरली त्याची. मीच लावली, माझ्या हातानं." ते बोट त्यांनी मिटलं. "साहेब, तुमी हे कशासाठी विचारताय?"

त्यांना खोटं सांगणं मला शक्य नव्हतं. मी सांगितलं. ते ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. नुसता उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे पाहत राहिले. आतल्या खोलीत त्यांची बहीण होती. तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी शिपायाला बाजूला घेऊन बजावलं, "यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. परसात गेले तरी बरोबर जायचं." आणि गाडीकडे धावलो.

आंबेनळीच्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशीसारखा तो कधी संपेनासा झाला नव्हता. प्रत्येक वळणावर माझी नजर आधी दरीच्या कठड्याकडे जायची. कठडा शाबूत दिसला की पुढचं वळण.

जीप दिसली ती डोंगराच्या बाजूला. पुढचं चाक गटारात, नाक दरडीला टेकलेलं. माणसं रस्त्यावर उभी होती. सगळी उभी होती, हे पाहिल्यावर मी पहिल्यांदा श्वास सोडला.

टोपली घेतलेली एक बाई पुढे आली. ती चालकाच्या शेजारी बसली होती. "साहेब, हा पेंगत होता. मी म्हटलं, रे काय झालं तुला? हसला नुसता. मग मान अशी खाली. दरी ह्या अंगाला! मी त्याच्या दंडाला धरून बोंबलले, डोंगराकडं घे रे, डोंगराकडं घे! तेवढं आयकलंन त्यानं."

चालक आपल्या सीटवरच कलंडला होता. घोरत होता. लोकांनी त्याला झोपू दिलं होतं, दमलाय बिचारा म्हणून. मी सदरा वर केला. कमरेवर पट्टी होती, बरोबर सीटच्या तापलेल्या पाठीला टेकलेली. डॉक्टरांनी वाटेत फोनवर सांगितलं होतं तसं केलं. रुमालानं धरून पट्टी काढली, त्याला कुशीवर वळवलं, खांदे हलवून, नाव घेऊन हाका मारत राहिलो. हाक मारली की तो एक श्वास घ्यायचा. थांबलो की तोही थांबायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही आणि ती टोपलीवाली बाई आळीपाळीनं त्याला हाका मारत होतो. घसा बसला सगळ्यांचा. तो वाचला. पुढे मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, मला कायपन त्रास होत नव्हता. लय बरं वाटत होतं." याच वाक्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

काम तिथेही संपलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वापरून काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक राहतं, लहान मुलाचा जीव जाईल इतकं. म्हणजे जिला मळमळलं त्या बाईनं काढलेली पट्टी कुठे आहे, ते शोधणं आलं. ती म्हणाली, अंगणात टाकली. अंगणात नव्हती. उकिरडा उपसला, गोठा झाडला. शेवटी ती मिळाली तिच्या नातीच्या बाहुलीच्या पोटावर. बाहुलीला ताप आला होता, म्हणून नातीनं तिला औषध लावलं होतं. त्या पोरीचे हात धुऊन, तिला दवाखान्यात नजरेखाली ठेवून, ती खेळायला लागलेली पाहीपर्यंत आमच्यापैकी कोणाला अन्न गोड लागलं नाही.

यथावकाश प्रयोगशाळेचं उत्तर आलं. डॉक्टरांचा अंदाज खरा होता. तोवर त्या म्हातारीचा मुलगा मुंबईहून येऊन बायकोवर संशय घेऊन बसला होता. म्हातारीनंच त्याला गप्प केलं. "तिनं नेली नसती तर मी तुला बोलाया उरले असते का रे?" निनावी फोन करणारी कोण, याच्या मागे मी लागलो नाही. तिच्या फोनमुळेच आम्ही वेळेत दवाखान्यात पोहोचलो होतो, आणि तिच्याच फोनमुळे एक निरपराध बाई विष घालणारी ठरता ठरता राहिली. दोन्ही खरं.

मामांचा जबाब मी स्वतः घेतला. निष्काळजीपणाचं कलम लावायचं की नाही, यावर मी सरकारी वकिलांचं मत मागवलं आणि कागद जसेच्या तसे न्यायालयापुढे ठेवले. तिथे काय ठरायचं ते ठरलं. त्याबद्दल मी इथे बोलणार नाही. मधल्या काळात आम्ही वाडीवाडीवर सभा घेतल्या, घरात उरलेली अशी औषधं परत मागवली. पहिल्या सभेत मामा आपणहून उभे राहिले. त्यांनी फार काही सांगितलं नाही. "मी बरं करायला गेलो," एवढं म्हणाले आणि खाली बसले. त्या एका वाक्यानंतर लोक घरोघर गेले आणि काय काय घेऊन आले! मुंबईच्या पोरांनी आणलेल्या झोपेच्या गोळ्या, कुणाच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली औषधं, मेलेल्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवलेल्या बाटल्या.

मुलाच्या आईचा जबाब घ्यायचा मी पुढे पुढे ढकलत होतो. शेवटी ती एकटीच ठाण्यावर आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"साहेब, त्याला झोपेत काय कळलं असंल का?" तिनं आधी हेच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना विचारलंय मी. काहीही कळलं नसेल."

तिनं मान हलवली. मग मी कायद्याप्रमाणे विचारलं, भावाविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का. लेखनिक पेन धरून थांबला. बाहेर बाकावर तिचा भाऊ बसलेला खिडकीतून दिसत होता. तिला बघून तो उठून उभा राहिला होता आणि तसाच उभा होता.

"तक्रार नाय," ती म्हणाली. "असं लिवा. पन माफ केलं असं लिवू नका. ते अजून नाय झालं."

लेखनिकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जसं बोलल्या तसंच लिहा.

नोकरीत मी अनेक खून पाहिले, आणि प्रत्येक वेळी आधी शोधायचो तो द्वेष. कोणाचं वैर होतं, कोणाचा फायदा होता. तो सापडला की मन निवांत व्हायचं, कारण पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. या प्रकरणात मी द्वेष शोधत गेलो आणि मला प्रत्येक दाराशी माया सापडली. मामाची माया, सुनेची माया, दार हळूच ओढून घेणाऱ्या त्या दोस्ताची माया. मायेला अटक करता येत नाही आणि तिच्यावर पहाराही बसवता येत नाही. आपण तिला फक्त सावध करू शकतो. म्हणून जो भेटेल त्याला सांगतो. दुसऱ्याच्या नावाचं औषध कितीही प्रेमानं दिलं तरी घेऊ नका, आणि उरलेलं जिथून आणलं तिथे परत द्या, त्या दारात पाऊल टाकणं कितीही जिवावर आलं तरी. आणि कोणी वेगळंच, खोल, घरघरत घोरत असेल तर त्याला झोपू देऊ नका. हाक मारा. तो चिडला तर चिडू दे. चिडला म्हणजे जिवंत आहे.